हत्तीचे मागचे पाय

केदारखेडा,
९ जानेवारी २०२५

चि. मोनिकास अनेक आशीर्वाद.

तुमच्या नाटक कंपनीनं विचारलं आहे, की लेखकानं याआधी काय काय केलं. मंग लिहून घे.

एक हत्ती. बांबूच्या कामट्या, त्यावर गोणपाट, गोणपाटावर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलेले जुन्या वर्तमानपत्रांचे सात थर, वरून चुलीची राख मिसळलेला रंग. कान सुपांचे. सोंड पाण्याच्या जुन्या नळीची, आत सायकलच्या ब्रेकची तार. पुढच्या माणसानं तार ओढली की सोंड उचलते. दोन सिंहासनं, त्यातलं एक घडीचं. एक विहीर, जिच्यात माणूस खरोखर उडी मारू शकतो. एक चंद्र, मागं चाळीसचा बल्ब. तलवारी चौदा होत्या, आता अकरा आहेत, तीन कुणाच्या घरी आहेत तेही मला माहीत आहे. नाटकं नऊ, त्यातली सहा उभी राहिली. हे सगळं स्वतःच्या हातानं.

शाळा आठवीपर्यंत. मोटार वाइंडिंगचं काम मला कुणी शिकवलं नाही. जळालेली मोटार उघडायची, तार उलटी सोडवत जायची, कुठून कशी गुंडाळली ते बघायचं. नाटकही तसंच शिकलो, दुसऱ्यांची नाटकं उलटी सोडवून. हे कंपनीला असंच सांग, सुधारून सांगू नको.

तू रोज फोन करून राह्यलीस आणि मी उचलत नाही, याचा राग धरू नको. फोनवर माणूस 'बरं बरं' म्हणत जातो आणि शेवटी आपण कशाला हो म्हटलं ते त्यालाच कळत नाही. पत्र लिही. पोस्टमन कचरू तसाही आमच्या गल्लीत विम्याची छापील पत्रं टाकून कंटाळलाय.

इंद्रभानच्या वर्षश्राद्धाला आल्तीस तेव्हा 'मागचे पाय'ची वही मागून नेलीस. मला वाटलं, बापाची आठवण म्हणून नेतेस. कंपनीला दाखवशील असं वाटलं नव्हतं. त्यांना आवडलं, चांगलं झालं. मला त्यात नवल वाटलं नाही.

तुझा,
रामकिसनकाका

&nbsp;

पुणे,
१८ जानेवारी २०२५

ती. काका, नमस्कार.

तुमचं पत्र ऑफिसात वाचून दाखवलं, सुधारलं नाही. तीन तलवारी कुणाच्या घरी आहेत, असं सगळ्यांनी विचारलं.

नाटक त्यांना मनापासून आवडलं आहे. जत्रेतलं राजाचं नाटक, नाटकात हत्ती आणि हत्तीत दोन माणसं. पुढच्याला सोंड मिळते, भोकातून लोक दिसतात. मागचा कमरेत वाकलेला, पुढच्याचा कमरपट्टा धरून, अंधारात. या मागच्या माणसावर कुणी नाटक लिहिलं नव्हतं, असं आमचे साहेब म्हणाले. मी त्यांना सांगितलं, हा माणूस खरा होता. माझे वडील.

आता अडचण सांगते. शेवट. तुमच्या नाटकात तो शेवटपर्यंत आतच राहतो. पडदा पडतो आणि लोकांना त्याचं तोंडही दिसत नाही. कंपनीचं म्हणणं आहे, की त्यानं हत्ती फाडून बाहेर यावं, ताठ उभं राहावं आणि समोरच्यांना चार शब्द सुनवावेत. एवढं बदललं तर पावसाळ्यानंतर नाटक उभं राहील, चाळीस प्रयोग नक्की. आणि त्यात दिग्दर्शनाला मुख्य मदतनीस मी असेन. काका, आठ वर्षं मी इथं कपडेपट सांभाळतेय. लोकांच्या बाह्या उसवून परत शिवतेय.

पण नुसतं त्यांचं म्हणणं असतं तर मी तुमच्याशी भांडले नसते. माझंही तेच म्हणणं आहे. त्यांना बाहेर काढा.

कराराचा कागद सोबत जोडला आहे. रक्कम त्यावर आहे.

मोनिका

&nbsp;

केदारखेडा,
२ फेब्रुवारी २०२५

चि. मोनिका,

हत्ती फाडून म्हणजे कसा? तो फाटत नाही. सात थर आहेत. पोटाखाली नाड्या आहेत, मागच्या माणसाला बाहेर यायचं तर खाली बसून, रांगत यावं लागतं. आणि पाऊण तास वाकून चाललेला माणूस ताठ उभा राहतच नाही. तो आधी एक हात कमरेवर ठेवतो आणि दुसऱ्यानं भिंत शोधतो. इंद्रभान दरसाल माझ्या खांद्याला धरायचा. साहेबांना म्हणावं, एकदा वाकून बघा, मंग चार शब्द सुनवा.

आपल्याकडचा नियम तुला ठाऊक आहे, त्यांना नसेल. जत्रेच्या नाटकात पार्ट अंगावर बघून देत नाहीत, वर्गणीवर देतात. सगळ्यात जास्त वर्गणी त्याला राजा. त्याच्या खालोखाल प्रधान. मग सेनापती, मग खलनायक, आणि असं उतरत उतरत शेवटी हत्तीचे मागचे पाय. नाटक मी बसवायचो, पार्ट पंच वाटायचे. राजा बोबडा निघाला तरी राजाच. अशा राजांची भाषणं मी लहान करून दिलेली आहेत. तुमच्याकडं मेंढरं होती, शेत नव्हतं. इंद्रभानची वर्गणी कायम तळाला. म्हणून मागचे पाय कायम त्याचे.

आता शेवटाचं. जी जी नाटकं मी सोडवून पाहिली, त्यांत खाली पडलेला माणूस शेवटच्या प्रवेशात उठतो, बोलतो, टाळी घेतो. मी बारकाईनं बघितलं, तो का उठतो. त्याला उठायचं असतं म्हणून नाही. लिहिणाऱ्याला घरी जाऊन बरं वाटावं म्हणून तो उठतो. कष्ट त्याचे, हौस दुसऱ्याची.

इंद्रभान लोकांसमोर कधी बाहेर आला नव्हता. मी कसा आणू? करार परत पाठवत नाही, माझ्याकडं आहे. शेवट तोच ठेवणार असतील तर सही करतो.

रामकिसनकाका

&nbsp;

पुणे,
११ फेब्रुवारी २०२५

काका,

नियम ठाऊक आहे, म्हणूनच विचारते. सन दोन हजारच्या जत्रेत राजा कोण होता?

मी आठ वर्षांची होते. बाबांनी दोन बकऱ्या विकल्या आणि गावात सगळ्यात जास्त वर्गणी दिली. पंचांना राजाचा पार्ट त्यांना द्यावाच लागला. मी शाळेत सांगून ठेवलं होतं. बायकांच्या पहिल्या रांगेत आईच्या मांडीवर बसले. पहिल्या प्रवेशात बाबा आले, डोक्यावर मुकुट, तुम्ही चिकटवलेली मिशी. चार वाक्यं बोलले. मग हत्ती आला. मग दरबार भरला आणि सिंहासन रिकामं. कुणीतरी म्हणालं, महाराज शिकारीला गेलेत. लोक खो-खो हसले. नाटक संपलं, तरी महाराज शिकारीवरून आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेत मला विचारलं, "काय मारून आणलं गं तुझ्या बापानं, उंदीर का घूस?"

त्यांना कुणी उतरवलं, काका? मेंढरं राखणाऱ्याच्या डोक्यावरचा मुकुट कुणाला बघवला नाही? तुम्ही पडद्यामागं होता. नाटकात तुम्ही नाड्या लिहिल्या, खळ लिहिली, सुपाचे कान लिहिले. हा प्रसंग तेवढा लिहिला नाही.

तुम्ही म्हणता, त्याला उठवणं ही लिहिणाऱ्याची हौस. त्याला वाकलेला ठेवणं ही कुणाची सोय? लोक डोळे पुसतात आणि जेवायला घरी जातात. तुमच्या नऊ नाटकांपैकी एकातही वाकलेल्याचं पोरगं समोर बसलेलं नाही. मी होते समोर. मला त्यांना उभं राहिलेलं बघायचं आहे. एकदा तरी, खोटं का असेना.

मोनिका

&nbsp;

केदारखेडा,
२३ फेब्रुवारी २०२५

चि. मोनिका,

मिशी मी चिकटवली नव्हती. ती त्याची स्वतःची होती, मी फक्त टोकं काजळानं लांबवली. आता बाकीचं.

त्या साली हत्तीत पुढं नेहमीसारखा अप्पाराव होता. मागं कल्याण किराणावाला. कल्याणनं वर्गणीऐवजी तेलाचा डबा दिल्ता, पंचांनी तो धरला नाही, म्हणून तो तळाला गेला. कल्याणचं पोट मोठं आणि पाऊल आखूड.

हत्ती कसा चालतो ते बाहेरून कळत नाही. लोकांना वाटायचं, अप्पाराव चालवतो. खरं म्हणजे इंद्रभान आतून जिभेनं टक् टक् करायचा, मेंढरं हाकताना करतात तसं, आणि त्या तालावर अप्पाराव पाऊल टाकायचा. हत्ती मागून हाकला जायचा. कल्याणला ते जमणार नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा हत्ती स्टेजवर पोचला होता. म्हणजे अर्धा. पुढचे पाय स्टेजवर, मागचे विंगेतल्या विहिरीला अडकलेले. सोंड वर गेली ती खाली येईना. लोक ओरडायला लागले, "हत्ती पिऊन आला रे." मंग शिट्ट्या. मंग कुणीतरी म्हणालं, "इंद्रभान कुठंय?"

इंद्रभान माझ्या शेजारी उभा होता, राजाच्या कपड्यात. त्यानं मुकुट काढला आणि माझ्या हातात दिला.

"धर."

"अरे, पुढचा प्रवेश तुझा हाये."

"तव्हर सांग, महाराज शिकारीला गेलेत."

कल्याणला त्यानं पाय धरून पोटाखालून ओढून काढला आणि जरीचा अंगरखा तसाच घालून आत शिरला. थोड्या वेळानं टक् टक् ऐकू आली. त्या हत्तीनं त्या दिवशी जे केलं ते मी पुन्हा पाहिलं नाही. फेर धरला, बसला, उठला, सरपंचाला सोंडेनं सलाम केला आणि वळताना मागच्या पायानं हळूच लाथ झाडली. लोक एकमेकांच्या अंगावर पडले. तू आईच्या मांडीवर उभी राहून हसत होतीस. लाल रिबिनी होत्या. हे तुझ्या पत्रात नाही.

दरबाराचा प्रवेश आला. मी पोटाखाली वाकलो, म्हटलं, ये बाहेर. म्हणाला, "ऱ्हाऊ दे. बरं हाये इथं." हात धरून ओढला, आला नाही. त्याला कुणी उतरवलं नाही, मोनिका.

का आला नाही, हे मी त्याला पुढं कैकदा विचारलं. रानात विचारलं, दवाखान्यात खाटेपाशी बसून विचारलं. "बरं वाटलं," एवढंच बोलायचा. ते कळावं म्हणून तर नाटक लिहिलं, आणि लिहूनही कळलं नाही. म्हणून तो प्रसंग त्यात नाही. ज्याचं कारण मला सापडलं नाही, त्याच्या तोंडात मी भाषण कसं घालू?

रामकिसनकाका

&nbsp;

केदारखेडा,
१४ मार्च २०२५

चि. मोनिका,

उत्तर आलं नाही. कचरूला विचारलं, तो म्हणाला पुण्याहून काही नाही. दोन दिवसांनी परत विचारलं तर म्हणाला, आलं की मीच पळत येईन, तुम्ही रस्त्यात उभे राहू नका.

यंदाही जत्रेत ऑर्केस्ट्रा आहे. पंचांना म्हटलं, नाटक ठेवा. म्हणाले, "रामकिसनराव, हत्तीत शिरायला माणूस दाखवा." अप्पारावचे गुडघे गेले. कल्याण संभाजीनगरला पोराकडं. माणूस मी दाखवू शकलो नाही.

शेडमध्ये हत्ती आहे. पुढचा भाग खुंटीला टांगलाय म्हणून तरतरीत दिसतो. मागचा भाग आत कुणी नसल्यामुळं बसका झालाय. काल डावा कान बदलला, सूप नवं आणलं. आत हात घातला तर मागच्या माणसाच्या खांद्याला जिथं कामटी टोचायची, तिथं घोंगडीचा तुकडा गुंडाळलेला सापडला. काळ्या घोंगडीचा, दोऱ्यानं शिवलेला. मी शिवलेला नाही. माझा टाका वेगळा असतो.

तू रागावली असशील तर तसं लिही.

रामकिसनकाका

&nbsp;

शहागड,
३० मार्च २०२५

ती. काका,

रागावले नव्हते. लिहिता येईना.

तुमच्या पत्रातल्या लाल रिबिनी मला आठवल्या, हसणं आठवलं नाही. म्हणून सुट्टी काढून इथं आईकडं आले. धाकट्या भावाचं चहाचं हॉटेल हायवेला लागून आहे, ट्रक गेला की कप हलतात. आई मागं बसून गवारी मोडत होती. मी सरळच विचारलं.

"आई, बाबांना राजाच्या पार्टवरून कुणी उतरवलं गं?"

"कुनी उतरवलं? तेच उतरले."

"लोक काही बोलले होते?"

"बोलल्याबिगर ऱ्हातेत व्हय लोक? मागून एक म्हनला, आज मेंढरं कोनाच्या भरवशावर सोडले रे महाराजांनी. एकानं एकाला कोपरानं ढोसलं. मी बी आयकलं, तेह्यनी बी बघितलं."

"मग घरी आल्यावर काय म्हणाले?"

"जेवले आधी. भाकर मागून घेतली अजून एक." आईनं शेंगा बाजूला ठेवल्या. "मंग म्हनले, राजा झाल्तो तव्हा समोरची सगळी तोंडं दिसून राह्यली. गॅसबत्तीच्या उजेडात एकेक. कोन कोनाला काय म्हनून राह्यलं ते बी दिसलं. चार वाक्यांच्या फुडं जीभ उचलंना. हत्तीत गेलो अन् तोंडं गेली. नुस्तं हसू ऱ्हायलं. अन् त्यात आपल्या मोनीचं हसू मला बराबर वळखू आलं. सगळ्यात वरचा आवाज. तेच्यासाठी आत थांबलो. बाहेर आलो असतो तर ती गप झाली असती."

मी म्हटलं, "हे तू मला कधीच सांगितलं नाहीस."

"तू कधी इचारलं? शिकून पुण्याला गेली, बापावर राग धरून बसली का गावावर, काय कळंना. अन् त्यो रामकिसन. त्येला तर सगळं ठाव असतंय. त्येनं बी न्हाई इचारलं."

ते होते तोवर तुम्ही त्यांना विचारत राहिलात आणि मी कुणालाच नाही. आईला दोघांनीही नाही.

काका, तुम्ही म्हणता त्यांना कुणी उतरवलं नाही. मी म्हणत होते उतरवलं. आता मला वाटतं, त्या कोपरानंच उतरवलं, आणि माझ्या हसण्यानं आत थांबवलं. यातलं एक धरून दुसरं सोडता आलं असतं तर मला सोपं गेलं असतं. शाळेत मला उंदीर का घूस विचारलं, ते त्यांना ठाऊक नसावं. बरं झालं.

कंपनीचं कळवते. साहेबांनी रक्कम वाढवली आहे, नवा कागद तुम्हाला परस्पर येईल. पण शेवट बदलल्याशिवाय नाटक करणार नाहीत, यावर ते ठाम आहेत. तुम्ही नाही म्हणालात तर ते दुसरं नाटक घेतील आणि त्याचा मदतनीस दुसरा असेल. हे दबाव म्हणून लिहीत नाही. तुम्हाला सगळं बारीकसारीक लागतं, म्हणून लिहिलं.

मी आता तुम्हाला काहीच सांगणार नाही. सही तुमची.

मोनिका

&nbsp;

केदारखेडा,
१२ एप्रिल २०२५

चि. मोनिकास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कचरूनं पळत नाही, सायकलवर आणून दिलं. वहिनींनी मला मारलेला टोमणा बरोबर आहे. मोटार जळाली की मी आधी घरच्या बाईला विचारतो, कधी बंद पडली, आवाज कसा आला, वास आला का. इथं विचारायचं सुचलं नाही.

शेवट बदलला. तुझा नाही, साहेबांचा नाही. जसा लिहिला तसा उतरवून देतो:

'हत्ती रंगात आलेला. समोर बसलेल्या लोकांत एक लहान मुलगी हसते, सगळ्यांपेक्षा वरच्या आवाजात. मुलगी स्टेजवर नको, लोकांत बसलेली पाहिजे. हत्तीचे मागचे पाय थांबतात. पुढचा माणूस ओढतो, सोंड हलते, कान हलतात. मागचे पाय हलत नाहीत. मुलगी हसायची थांबेपर्यंत हलत नाहीत. मग आतून टक् टक्. हत्ती चालू लागतो. पडदा.'

हे साहेबांना पाठवलं. त्यांचा फोन आला, तो मी उचलला. माणूस वाईट नाही. म्हणाले, "फार सुंदर आहे. पण टक् टक् झाल्यावर त्याला बाहेर येऊ द्या ना, लोक तेवढ्यासाठी तिकीट काढतात." मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, विचार करा. मी 'बरं बरं' म्हटलं नाही.

तुझं कपडेपटातून निघायचं माझ्यामुळं हुकलं. हा कागद त्याची भरपाई म्हणून पाठवत नाही, पण पाठवतो. परवा जालन्याला गेल्तो. स्टेशनाच्या बाजूला एका वकिलाकडं बसून 'मागचे पाय' तुझ्या नावावर करून घेतलं, सगळ्या हक्कांसकट. आधी एक अट टाइप करायला लावली होती, की मागचा माणूस कधीही, कोणत्याही प्रयोगात बाहेर येणार नाही. वकिलानं वाचून दाखवली. ऐकताना बरोबर वाटली नाही. काढायला लावली. तो कुरकुरला, म्हणाला, परत छापायचे वेगळे पडतील. दिले. बाप तुझा आहे, मी नुसता हत्ती केला. उद्या तुझी स्वतःची नाटक मंडळी झाली आणि तुला त्याला उभं करावंसं वाटलं, तर कर. फक्त ताठ उभं करू नको. एक हात कमरेवर असू दे.

हत्ती न्यायला टेम्पो लागेल, सोंड वेगळी काढता येते. घोंगडीचा तुकडा आहे तिथंच ठेवला आहे.

काल पुढं शिरून पाहिलं. तार अजून चांगली आहे, सोंड उचलते. भोकातून शेडचं दार दिसत होतं आणि दारात कोंबडी. चार पावलं टाकली, मागचा भाग जमिनीवर घासत आला. मग मागं जाऊन वाकलो. तिथून काहीच दिसत नाही, ते तो सांगायचा तसंच आहे. टक् टक् करून पाहिली. मला जमत नाही. जीभ टाळूला कुठं लावायची ते त्याला विचारायला पाहिजे होतं.

जत्रा पुढच्या आठवड्यात आहे. यायचं असेल तर ये, ऑर्केस्ट्रा ऐकू.

तुझा,
रामकिसनकाका

ता. क. वकिलाच्या कागदात आकडा नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. नाटकाचे सगळे हक्क आणि शेवट बदलायची परवानगी, दोन्ही मिळून कंपनीची शेवटची ऑफर चार लाख साठ हजार रुपये होती. ती मी नाकारली.